कर्नल बदलते तेव्हा

२००९ सालच्या पावसाळ्यातील गोष्ट. आमच्या युनियनच्या कचेरीतील संगणक त्या रात्री नेहमीप्रमाणे सुरू झाला, पडदा उजळला, कोपऱ्यातील घड्याळ दिसू लागले. परंतु बाहेरच्या जगाशी त्याचे बोलणे बंद झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता कामगार न्यायालयात आमची तारीख होती. बंद पडलेल्या एका कारखान्यातील एकेचाळीस कामगारांच्या थकलेल्या रकमांचा तो अर्ज, त्या वेळच्या औद्योगिक विवाद कायद्याच्या ३३(सी)(२) कलमाखालचा. प्रत्येकाची नोकरीची वर्षे, अखेरचा पगार आणि येणे रक्कम यांचा तक्ता वकिलांनी तपासून ईमेलने परत धाडला होता. तो उतरवून घ्यावयाचा आणि चार प्रती छापावयाच्या, एवढेच काम उरले होते. खालच्या झेरॉक्सवाल्याशी आमची ब्रॉडबँडची भागी होती. रात्री त्याच्या दुकानाला कुलूप लागे, पण आतले यंत्र चालू असे, आणि त्याच्या बिनतारी लहरी आमच्या संगणकाला खोचलेल्या अंगठ्याएवढ्या एका उपकरणाने पकडल्या जात. ते उपकरण जागेवर होते. त्याचा दिवा मात्र लागत नव्हता.

आमच्या एका सभासदाच्या मुलाने तो संगणक मांडून दिला होता, आणि परवान्याचे पैसे पडू नयेत म्हणून त्यावर लिनक्स घातले होते. त्याला फोन केला. तो म्हणाला, "काका, काल अपडेट करू का असं विचारलं तेव्हा तुम्ही हो म्हटलंत ना? मग कर्नल बदललं. आता मशीन पुन्हा सुरू करा, सुरू होताना एस्केप दाबा, यादी येईल. वरून तिसरं नाव घ्या." आम्ही तसे केले. तिसरे नाव जुन्या कर्नलचे होते. दिवा लागला, तक्ता आला, छापून झाला. अर्ज वेळेवर उभा राहिला. निकाल लागावयास पुढे तीन वर्षे गेली, तो निराळा विषय.

आमची शाळा नववीत सुटली. पुढील शिक्षण जे काही झाले ते सार्वजनिक ग्रंथालयात आणि कोर्टाच्या व्हरांड्यात. त्यामुळे एखादी गोष्ट का घडली हे कळले नाही तर ती आम्हाला चैन पडू देत नाही. जुन्याला जे उपकरण ओळखता येत होते ते नव्याला का ओळखता येऊ नये? नव्याने जुन्यापेक्षा अधिक जाणावे की कमी? या एका प्रश्नामागे लागून जो इतिहास आमच्या हाती आला तो येथे मांडतो.

कर्नल हा शब्द ऐकून कोणाच्या डोळ्यांपुढे लष्करी अंमलदार उभा राहिला तर तो दोष ऐकणाराचा नव्हे. इंग्रजीत उच्चाराने सारखे असे दोन शब्द आहेत, आणि आपल्या लिपीत ते एकच होऊन जातात. आपल्याला हवा तो दाण्याच्या आतील गर. संगणकावर आपण जे कार्यक्रम चालवितो, पत्र लिहिण्याचा, हिशेबाचा, चित्रे पाहण्याचा, त्यांतील एकालाही यंत्राच्या अवयवांना स्वतः हात लावण्याची मुभा नसते. स्मृती कोणाला किती द्यावी, प्रक्रियकाचा वेळ कोणाला किती मिळावा, तबकडीवर कोणी लिहावे, तारेवर कोणी बोलावे, हे सारे एकच मध्यवर्ती कार्यक्रम ठरवितो. तो गाभा म्हणजे कर्नल. आणि यंत्राच्या प्रत्येक अवयवाची भाषा जाणणारा, कर्नलच्या वतीने त्याच्याशी बोलणारा जो भाग, त्याला ड्रायव्हर म्हणतात.

२५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण छंद म्हणून असे एक कर्नल लिहीत असल्याचे जाहीर केले. त्याच्यापुढे नमुना होता तो मिनिक्सचा. अ‍ॅमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठी १९८७ साली मिनिक्स तयार केले होते. जानेवारी १९९२ मध्ये या गुरूने या परक्या शिष्याला जाहीरपणे सुनावले की, सर्व काही एका गोळ्यात कालविण्याची तुझी रचना कालबाह्य आहे. गाभा लहान असावा आणि ड्रायव्हर वगैरे मंडळी त्याच्या बाहेर, स्वतंत्र कार्यक्रम म्हणून नांदावी. टॉरवाल्ड्सने तितक्याच तिखटपणे उत्तर दिले. त्या वादात कोण बरोबर होते याचा निवाडा करण्याची आमची योग्यता नाही. आपल्या विषयापुरते एवढे ध्यानात ठेवावे की लिनक्सने एका गोळ्याचा मार्ग धरला, आणि त्या मार्गाची अडचण लवकरच पुढे आली.

अडचण अशी की नवे उपकरण विकत आणले तर त्याचा ड्रायव्हर घालून सबंध कर्नल पुन्हा बांधावे लागे. त्या काळच्या ३८६ जातीच्या यंत्रावर हे काम तासन् तास चाले. बरे, सर्व उपकरणांचे ड्रायव्हर आधीच घालून ठेवावेत, तर गोळा इतका फुगे की चार मेगाबाइट स्मृतीच्या यंत्रात दुसऱ्या कशाला जागा राहू नये. यावर तोड निघाली ती सुट्या भागांची. कर्नल चालू असतानाच त्यात एखादा भाग बसवावा आणि काम झाले की काढून घ्यावा. या भागाला मॉड्यूल म्हणतात. १९९४ च्या मार्चमध्ये लिनक्सची १.० आवृत्ती निघाली, त्याच्या थोडे आधीपासून या कामाला हात लागला होता. बास लारहोवन, जॉन टॉम्ब्स, ब्योर्न एकवाल ही त्यातील नावे. पुढे लिनक्सवर लाखो लोकांची यंत्रे चालू लागली ती या सोयीमुळे. एकच कर्नल सर्वांना वाटावे आणि ज्याच्या यंत्रात जे असेल त्याने तेवढीच मॉड्यूले चढवावीत, असे झाले नसते तर आमच्यासारख्याच्या कचेरीपर्यंत लिनक्स आले नसते.

परंतु सुटा भाग म्हटले की तो सांध्यात नेमका बसला पाहिजे, आणि आमच्या त्या रात्रीच्या प्रश्नाचे उत्तर या सांध्यात आहे. मॉड्यूल हा काही टॅनेनबॉम म्हणत होते तसा बाहेर राहणारा पाहुणा नव्हे. एकदा आत शिरला की तो गाभ्याच्याच अधिकाराने वागतो. कोठेही हात घालू शकतो. आणि तो बांधला जातो तेव्हा त्याला कर्नलमधील वस्तूंची नावे शिकविलेली नसतात, जागा शिकविलेल्या असतात. आम्ही हे स्वतःला असे समजावून दिले. एखाद्या कारकुनाला सांगून ठेवले की पगारपत्रक डावीकडच्या कपाटात, तिसऱ्या कप्प्यात असते. त्याला वाचता येत नाही. तो तिसऱ्या कप्प्यातला कागद काढतो, त्यावर आकडा मांडतो आणि परत ठेवतो. उद्या हेडक्लार्कने कपाट लावताना मध्ये एक कप्पा वाढविला, तर हा कारकून पगाराचा आकडा रजेच्या अर्जावर लिहून मोकळा होईल, आणि चूक झाली हे कोणाला कळणारही नाही. कर्नलमध्ये असे झाले तर यंत्र जागच्या जागी थिजते, किंवा तबकडीवरील माहिती नासते.

म्हणून पहारा आला. प्रत्येक मॉड्यूलच्या अंगावर, ते कोणत्या कर्नलसाठी बांधले, कोणत्या जातीच्या बांधणीचे, याचा शिक्का असतो. दारावर तो शिक्का ताडून पाहतात. जुळला नाही तर मॉड्यूलचा घाट बरोबर नाही असे सांगून परत धाडतात. याहून बारीक तपासणीही आहे: कर्नलमधील ज्या ज्या सेवेचा मॉड्यूल उपयोग करते तिच्या स्वरूपावरून एक आकडा काढून ठेवतात आणि तो आकडा जुळतो का हे बघतात. शिवाय प्रत्येक कर्नलची मॉड्यूले त्या कर्नलच्या नावाच्या निराळ्या कोठीत ठेवतात. नवे कर्नल आले की नवी कोठी. जुनी कोठी तशीच राहते, म्हणून जुने कर्नल निवडले की सारे पूर्ववत चालते. कोणते मॉड्यूल कोणावर अवलंबून आहे याची यादी डेपमॉड नावाचा कार्यक्रम करून ठेवतो, आणि त्या यादीच्या आधाराने मॉडप्रोब नावाचा दुसरा कार्यक्रम एकेकाला क्रमाने आत घेतो.

यंत्र सुरू होताना कोणाला बोलवावे याचीही एक यादी असते. त्या मुलाने आमच्या उपकरणाचे नाव तीत लिहिले होते, आणि कर्नल बदलल्यावरही ते नाव तेथे होते. उपयोग काय? हजेरीपटावर नाव शाबूत, माणूस जुन्या कोठीत. नव्या कोठीत त्याला कोणी नेलेच नव्हते; आणि नेला असता तरी शिक्का न जुळल्याने तो दारातून परत फिरला असता. एक वाक्य सांगावे अशी ही गोष्ट. पण ती न कळल्याने किती जणांनी किती रात्री घालविल्या असतील याची गणती नाही.

सुरुवातीचा आणखी एक पेच फार मजेदार आहे. मॉड्यूले ठेवलेली असतात तबकडीवर. तबकडी वाचावयास तबकडीचा ड्रायव्हर लागतो. तो ड्रायव्हर मॉड्यूल असेल तर तोही तबकडीवरच. म्हणजे पेटीची किल्ली पेटीत ठेवून कुलूप घातल्याचा प्रकार. यावर १९९६ च्या सुमारास, २.० आवृत्ती निघण्याच्या वेळी, उपाय आला. कर्नलबरोबरच एक छोटीशी शिदोरी स्मृतीत आणून ठेवावयाची. तीत तबकडी उघडण्यापुरती मॉड्यूले असतात. कर्नल प्रथम ती शिदोरी सोडते, तबकडी उघडते आणि मग खऱ्या घरात प्रवेश करते. ही शिदोरीही प्रत्येक कर्नलची वेगळी. ती बांधताना एखादे मॉड्यूल राहून गेले तर आमच्यासारखा नुसता दिवा लागत नाही असे होत नाही. यंत्र उंबरठ्यावरच बसून राहते.

नव्वदच्या दशकात मॉड्यूले आपोआप बोलावण्याच्या युक्त्या एकामागून एक निघाल्या आणि मागे पडल्या; त्यांची नावे सांगून श्रोत्यांना शिणवीत नाही. परंतु २००२-०३ चे स्थित्यंतर मात्र सांगितलेच पाहिजे. तोवर मॉड्यूल सांध्यात बसविण्याचे, म्हणजे कोणती जागा कोठे आहे हे शोधून जोडण्याचे काम कर्नलच्या बाहेरील एक साधन करीत असे. नोव्हेंबर २००२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या रस्टी रसेल यांनी ते कर्नलच्या आत नेले. कल्पना चांगली होती, काम सुटसुटीत झाले. पण त्यामुळे बाहेरील जुनी साधने निरुपयोगी झाली. १७ डिसेंबर २००३ रोजी २.६ हे कर्नल निघाले आणि हौशी मंडळींनी ते बांधून यंत्र सुरू केले, तेव्हा पडद्यावर तक्रारींची ओळ लागली: जुने साधन कर्नलला विचारी की आत कोण कोण आहे, आणि कर्नल उत्तर देई की असा प्रश्न विचारण्याची सोय आता नाही. एकही मॉड्यूल चढेना. नवी साधने आधी बसवावी लागतात ही सूचना लिहिलेली होती, वाचली थोड्यांनी. मॉड्यूलच्या फायलीचे शेपूट बदलले होते, ओ चे केओ झाले होते. यादीची फाईल नव्या नावाची झाली. एवढ्यावर भागले नाही. यूएसबी सांभाळणारे यूएसबी-यूएचसीआय हे मॉड्यूल यूएचसीआय-एचसीडी झाले, यूएसबी-ओएचसीआय हे ओएचसीआय-एचसीडी झाले. म्हणजे जुन्या यादीतील नावे हाक मारूनही कोणी ओ देईना. कारखान्याची मालकी बदलल्यावर नवा व्यवस्थापक सर्वांना नवे टोकन नंबर देतो आणि जुन्या नंबराच्या पगारपावत्या कोणी ओळखेनासे होते, तसला तो प्रकार. टॉरवाल्ड्सने पुढे २०१२ साली आपल्या एका सहकाऱ्याला जाहीरपणे फैलावर घेऊन बजावले की, कर्नल बदलल्यामुळे बाहेरचा चालू कार्यक्रम बंद पडला तर दोष कर्नलचा. हा नियम आम्हाला मनापासून आवडतो. परंतु २००३ च्या त्या हिवाळ्यात मॉड्यूलच्या साधनांपुरता तो पाळला गेला नव्हता, हेही नोंदवून ठेवले पाहिजे.

तरीसुद्धा २.४ पासून २.६ पर्यंत जावयास जवळजवळ तीन वर्षे लागली होती. तीन वर्षांनी एकदा डोकेदुखी, माणूस सोसतो. जुलै २००४ मध्ये कॅनडातील ओटावा येथे कर्नलचे प्रमुख कारागीर जमले आणि तेथे जे ठरले त्याने सारा ताल बदलला. प्रयोगाची वेगळी आवृत्ती अनेक वर्षे चालवून मग पक्की आवृत्ती काढण्याची जुनी रीत सोडून द्यावयाची. एकाच प्रवाहात सुधारणा घेत राहावयाचे. थोड्याच काळात दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघू लागली, मधून मधून दुरुस्त्या निराळ्या. वाटप करणाऱ्या संस्था त्या आपल्या घरी पोहोचवू लागल्या. कर्नल बदलणे हा सण न राहता दर महिन्याची गोष्ट झाली, आणि ज्यांचे ड्रायव्हर कर्नलच्या बाहेर होते त्यांच्यावर दर महिन्याला बेकारी येऊ लागली.

येथे बाहेर आणि आत या शब्दांचा खुलासा करतो. लिनक्सची मूळ संहिता खुली आहे. त्या मुख्य संहितेत ज्या ड्रायव्हरचा समावेश झाला तो आत; जो उपकरण बनविणाऱ्या कंपनीने किंवा आणखी कोणी आपल्यापाशी ठेवला तो बाहेर. ज्या कारागिराला कर्नलमधील एखादा सांधा बदलावयाचा असेल, त्याने तो सांधा वापरणारे आतील सर्व ड्रायव्हर स्वतः दुरुस्त करून द्यावयाचे असा तेथील रिवाज आहे. बदल करणाराने बदलाची किंमत मोजावयाची. बाहेरच्यांची जबाबदारी मात्र कोणावर नाही. कंपन्या वर्षानुवर्षे म्हणत आल्या की आतील सांधे एकदा कायम करून टाका, म्हणजे आमचे ड्रायव्हर सर्व आवृत्त्यांत चालतील. ग्रेग क्रोआ-हार्टमन या प्रमुख कारागिराने याला लेखी उत्तर दिले आणि ते कर्नलच्याच कागदपत्रांत ठेवले आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: तुम्हाला कायम सांधा हवा आहे असे वाटते, पण खरोखर हवा असतो तो चालणारा ड्रायव्हर, आणि तो मिळण्याचा मार्ग म्हणजे तो आत देणे. यूएसबीचा सारा कारभार निदान तीनदा मुळापासून नव्याने रचावा लागला, हा त्याने दिलेला दाखला. सांधे गोठवून ठेवले असते तर जुने, सदोष सांधे आजही वागवावे लागले असते.

हे वाचताना आम्हाला आमचे वडील आठवले. ते मुंबईच्या गिरणीत काही वर्षे बदली होते. बदली म्हणजे सकाळी भोंग्याच्या आधी दारात उभे राहावयाचे. कायम कामगाराचा खाडा पडला तर आत, नाही तर घरी. गिरणीत नवे यंत्र आले, खाते हलले, पाळी बदलली, तर कायम माणसाची काही व्यवस्था करावी लागे. बदलीची विचारपूस कोण करतो? प्रथम आम्हाला वाटले, बाहेरचा ड्रायव्हर हा असाच बदली, आणि कर्नलवाले गिरणीमालकाच्या थाटात बोलत आहेत. आमचा स्वभावच असा की दाराबाहेर कोणी दिसला की त्याची बाजू घ्यावी. पुढे लक्षात आले की उपमा उलटी पडते. बदलीला आत यावयाचे असते आणि मालक घेत नाही. येथे दार उघडे होते. आत बोलावणे होते. ड्रायव्हरचा मालकच त्याला आत जाऊ देत नव्हता. कारण आत जावयाचे तर संहिता उघडी करावी लागते, चारचौघांसमोर तपासून घ्यावी लागते. २००७ च्या जानेवारीत क्रोआ-हार्टमन यांनी तर कंपन्यांना जाहीर आमंत्रण दिले की तुमच्या उपकरणाची माहिती द्या, ड्रायव्हर आम्ही फुकट लिहून देतो. तरीही कित्येक आले नाहीत. आणि दार बंद ठेवल्याचे भोग मालकाला नव्हेत, आमच्यासारख्या तिसऱ्याच माणसाला भोगावे लागतात. उपकरणाच्या खोक्यावर लिनक्सवर चालते असे छापलेले असते. कोणत्या महिन्यापर्यंत, हे छापलेले नसते.

कारागिरांनी बाहेरच्यांना ओळखण्याच्या खुणाही केल्या. २००१ पासून प्रत्येक मॉड्यूलने आपला परवाना सांगावा असा नियम झाला. खुला परवाना नसेल तर ते मॉड्यूल चढते, पण कर्नल स्वतःवर बाटल्याची नोंद करून घेते, आणि मग काही बिघडले तर कारागीर त्या तक्रारीत लक्ष घालीत नाहीत. बाटणे हा शब्द आपल्याकडे ज्या इतिहासातून आला आहे तो पाहता आम्हाला तो उच्चारताना बरे वाटत नाही. परंतु इंग्रजी शब्दाचा भाव तोच आहे. यातूनही पळवाट निघाली. २००४ साली लिनक्सअँट नावाच्या कंपनीच्या मोडेमच्या ड्रायव्हरमध्ये परवान्याच्या ओळीत खुल्या परवान्याच्या नावापुढे एक शून्य अक्षर घातलेले आढळले. कर्नल शून्य दिसले की वाचणे थांबविते, त्यामुळे पुढचा मजकूर त्याला दिसत नसे आणि ते समजे की परवाना खुला आहे. कंपनीचा खुलासा असा की गिऱ्हाइकांना पुन्हा पुन्हा तीच सूचना दिसून ते घाबरतात, म्हणून असे केले. करारपत्रात बारीक टाइप वापरणाऱ्या मंडळींशी आमचा जन्म गेला. हा खुलासा ऐकून आम्हाला नवे काही वाटले नाही.

पण सर्वच बाहेरचे लबाड नसतात, हे न सांगणे अन्याय होईल. झेडएफएस ही माहिती साठविण्याची उत्तम पद्धत सन कंपनीने २००५ साली खुली केली. तिची संहिता कोणालाही वाचता येते. परंतु तिचा परवाना आणि लिनक्सचा परवाना एकमेकांशी जुळत नाहीत असे मानले जाते, त्यामुळे ती आत घेता येत नाही. २०१९ मध्ये ५.० आवृत्तीत कर्नलची एक सेवा फक्त खुल्या परवान्याच्या ठराविक मॉड्यूलांपुरती राखली गेली आणि झेडएफएसच्या लोकांना आपली वेगळी वाट काढावी लागली. ज्याच्या यंत्राची मूळ तबकडीच झेडएफएसने मांडलेली असते त्याचे मॉड्यूल नव्या कर्नलसाठी तयार झाले नाही, तर यंत्रच उठत नाही. मालकाची लबाडी नाही, कारागिराचा आळस नाही. दोन कागदांचे जुळत नाही, एवढेच. शिवाय आतले दार उघडे असले तरी उंबरठा उंच आहे. तपासणी कडक, भाषा क्वचित कडवट, लहान कंपनीला महिनोन् महिने खेटे घालावे लागतात. हे जाणून डिसेंबर २००८ च्या २.६.२८ आवृत्तीत आतच एक उमेदवारीचे खाते उघडण्यात आले. ज्या ड्रायव्हरचे काम अजून कच्चे आहे त्याने तेथे यावे, सुधारावे आणि मग कायम व्हावे. त्या खात्यातील मॉड्यूल चढविले तर कर्नल त्याचीही वेगळी खूण करते, आणि त्या खुणेचे इंग्रजी नाव सभेत उच्चारण्यासारखे नाही. मराठीत कचरा म्हणू.

बाहेर राहणारांसाठी डेल कंपनीने २००३ साली एक व्यवहारी तोडगा काढला. आपल्या गिऱ्हाइकांना ड्रायव्हर पुरविताना दर कर्नलची वेगळी बांधणी देणे त्यांना जड जात होते. गॅरी लेरहॉप्ट यांनी लिहिलेले डीकेएमएस हे साधन ड्रायव्हरची संहिता यंत्रावरच ठेवते, आणि नवे कर्नल येऊन उतरले की त्याच वेळी ती संहिता त्या कर्नलसाठी बांधून त्याच्या कोठीत नेऊन ठेवते. हजेरीपटावरील माणसाला नव्या इमारतीत नेण्याचे काम हेच. पण त्याला बांधणीसाठी नव्या कर्नलचे शीर्षपत्रक लागते. ते उतरविलेले नसेल तर काम होत नाही, आणि कोपऱ्यातील एका ओळीत तसे सांगून ते गप्प बसते. सांधा फारच बदलला असेल तर बांधणीच कोसळते. २०१२ नंतर आणखी एक कुलूप वाढले. यंत्राच्या मुळाशीच सहीची तपासणी सुरू झाली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ३.७ या कर्नलमध्ये मॉड्यूलवरील सही तपासण्याची सोय आली. घरी बांधलेल्या मॉड्यूलवर सही कोणाची? मग मालकाने आपली किल्ली तयार करावयाची, आणि पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना निळ्या पडद्यावर संकेतशब्द देऊन ती नोंदवावयाची. घाईत असलेला मनुष्य तो निळा पडदा ओलांडून पुढे जातो आणि मग दिवा का लागत नाही म्हणून विचारीत बसतो.

आमच्या उपकरणाचे पुढे काय झाले ते सांगतो. न्यायालयातील तारखेनंतरच्या रविवारी तो मुलगा आला आणि त्याने ड्रायव्हर डीकेएमएसच्या हवाली केला. पडद्याच्या कडेला आम्ही चिकटविलेली 'एस्केप, वरून तिसरे' ही चिठ्ठी मात्र काढू दिली नाही. साधारण दीड वर्षाने पुन्हा एकदा कर्नल बदलले, आणि या वेळी दिवा लागून विझू लागला, लागून विझू लागला. पाहतो तो काय, त्या उपकरणाचा ड्रायव्हर मधल्या काळात मुख्य संहितेत येऊन दाखल झाला होता, आणि आतला कायम व बाहेरचा बदली असे दोघे एकाच जागेवर हक्क सांगत होते. मुलाने डीकेएमएसमधून जुना ड्रायव्हर काढला, सुरुवातीच्या यादीची फाईल उघडली आणि त्याच्या नावाची ओळ खोडली. खाली एलपी अशी आणखी एक ओळ होती, छापण्याच्या यंत्राची. ती तू लिहिलीस का, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, "नाही काका, ती पहिल्यापासूनच आहे." ती त्याने राहू दिली.